कोळशावरचा बर्गर: खिमा मळू नका, निखारे फुलू द्या

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी कोळशावर बर्गर केले, तेव्हा खिमा अगदी मन लावून मळला होता. आलं-लसूण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, एक अंडं, ब्रेडचा चुरा, मीठ, गरम मसाला; कबाबांना करतो तसाच. अर्धा तास मुरत ठेवला, हाताला पाणी लावून घट्ट टिक्क्या थापल्या आणि जाळीवर टाकल्यावर उलथण्यानं दाबत राहिले. चव वाईट नव्हती, पण तो बर्गर नव्हता. पावाला एकीकडून चावलं की आख्खी टिक्की दुसरीकडून बाहेर सरकायची, इतकी ती चिवट झाली होती. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ कुंपणापाशी आले होते. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि एवढंच विचारलं, की खिमा किती वेळ मळलात?

बर्गरची निम्मीअधिक विद्या त्या प्रश्नात आहे. आपला हात मळण्यावर वाढलेला असतो. भाकरीचं पीठ नीट मळलं नाही तर भाकरी कडेला चिरते, मोदकाची उकड मळली नाही तर पारी फाटते, आणि कबाबाचा खिमा मळला नाही तर तो सळईवरून गळून पडतो. बर्गरचं याच्या उलट आहे. तो दाताखाली मोकळा सुटायला हवा, आणि त्यासाठी खिम्याला हात जितका कमी लागेल तितकं बरं. उरलेली विद्या विस्तवाची. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं सोपं आहे.

ग्रिल आणि कोळसा

पहिल्यांदा घेणाऱ्यानं साधी, गोल, झाकणाची, २२ इंची केटल ग्रिल घ्यावी. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं ती घडवली. तो काम करायचा त्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनायचे. उघड्या ग्रिलवर वाऱ्या-पावसानं होणारा वैताग टाळायला त्यानं अशाच एका बोयाचे दोन अर्ध केले. खालच्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं. आजची केटल अजून जवळजवळ तशीच आहे. तिच्यात बघायच्या गोष्टी दोनच: झाकण नीट बसतं का, आणि बुडाची व झाकणाची हवेची भोकं सहज उघड-बंद होतात का. कोळशाची आच आपण गॅससारखी बटणानं कमी-जास्त करत नाही, हवेनं करतो. भोकं उघडी ठेवली तर निखारे पेटतात, मिटली तर मंदावतात.

कोळसा दोन तऱ्हेचा मिळतो. लाकडाचे ओबडधोबड तुकडे तसेच जाळून केलेला असतो तो लम्प. तो लवकर पेटतो, कडक तापतो आणि लवकर संपतो. दुसरा ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या सारख्या आकाराच्या उशा. त्यांची आच बराच वेळ एकसारखी राहते. नवशिक्यानं ब्रिकेट घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सारख्या आकाराच्या कोळशाचा अंदाज दोन-तीन खेपांत येतो. मात्र 'काडी लावा की पेटतो' असं लिहिलेली पिशवी घेऊ नका. त्या कोळशात पेटवायचं द्रव आधीच मुरवलेलं असतं. ते द्रव बाटलीतून वेगळंही मिळतं, तेही नको. रॉकेल ओतून पेटवलेल्या सिगडीवरच्या कणसाला जो वास यायचा, तसाच वास या बर्गरला येतो.

त्याऐवजी चिमणी घ्या. हँडल लावलेला पत्र्याचा उभा नळकांडा, आत बुडाच्या थोडी वर जाळी. वर कोळसा आणि खाली कागद. पंधरा-वीस डॉलरच्या आसपास मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. एक लांब चिमटा, एक रुंद उलथणं, जाड हातमोजे आणि पटकन वाचता येणारा सुईचा थर्मामीटर एवढं आणखी लागतं. थर्मामीटरवर काटकसर करू नका, तो का हवा ते पुढे येईलच.

ग्रिल कुठे मांडायची हेही आधी ठरवा. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत किंवा भिंतीपासून दहा फुटांच्या आत कोळशाची ग्रिल पेटवायला मनाई असते, म्हणून भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी भाडेकरार वाचा आणि मालकाला विचारा. पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढायची नाही, दार सताड उघडं ठेवूनसुद्धा नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो.

मांस

दुकानात पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे दिसतात. पहिला आकडा चरबी नसलेल्या मांसाचा, दुसरा चरबीचा. तब्येतीच्या काळजीनं आपला हात ९३/७ कडे जातो आणि तिथेच बर्गर कोरडा होतो. ८०/२० घ्या. त्यातली बरीच चरबी जाळीतून खाली गळणारच आहे, पण गळता गळता ती मांसाला ओलावा देऊन जाते. बीफमध्ये खांद्याकडच्या भागाचा खिमा, ज्याला इथे ग्राउंड चक म्हणतात, तो चवीला आणि चरबीच्या प्रमाणाला उत्तम.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात बीफ येत नाही. हॅम्बर्गर हा पदार्थ बीफचाच आहे हे खरं, पण लॅम्बचा, म्हणजे कोकराच्या मांसाचा, बर्गर कोळशावर इतका सुरेख होतो की त्याला पर्याय म्हणून कमी लेखायचं काही कारण नाही. आमच्या अंगणात दोन्ही होतात, वेगवेगळ्या ताटांत आणि वेगवेगळ्या उलथण्यांनी, आणि कोणतं ताट कशाचं हे पाहुण्यांना आधीच सांगितलेलं असतं. लॅम्बला चरबी भरपूर असते, त्यामुळे त्याच्या खाली ज्वाळाही जास्त उठतात. बोकडाचा खिमा आपल्या जिभेच्या ओळखीचा, पण तो कोरडा पडतो आणि जाळीवर भुगा होतो. तोच हवा असेल तर खाटकाला खांद्याचं मांस घेऊन त्यात थोडी चरबी घालून एकदाच, जाडसर दळून द्यायला सांगा. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडच्या परिसरात किंवा कोणत्याही हलाल दुकानात असा खिमा समोर करून मिळतो.

चिकन आणि टर्कीत छातीचं मांस टाळा, मांडीचं घ्या. त्याचा खिमा चिकट असतो, म्हणून हाताला थोडं तेल लावून पॅटी, म्हणजे बर्गरची टिक्की, करा आणि जाळीवर टाकण्यापूर्वी तिलाही तेलाचा हलका हात द्या.

खिमा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी आणा आणि शेवटच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्येच ठेवा. गार चरबी मांसात दाणेदार राहते. बाहेर ठेवून मऊ पडली की हातालाच लागून निघून जाते.

पॅटी

एका पाउंडाचे तीन भाग करा, म्हणजे प्रत्येकी साधारण १५० ग्रॅम. पाकीट उघडल्यावर खिम्याचे लांब धागे दिसतात, यंत्रातून पडले तसेच एकमेकांवर सैल पडलेले. ते धागे मोडू द्यायचे नाहीत. एक भाग उचला, ओंजळीत सैलसर गोळा करा, ताटात ठेवा आणि बोटांच्या टोकांनी चपटा करा. कडेला भेगा पडतील, त्या अंगठ्यानं तेवढ्यापुरत्या सांधा. थालीपिठाच्या कडा सारख्या करत बसतो तसं करू नका, थोडी ओबडधोबड कड भाजल्यावर कुरकुरीत होते. तयार पॅटीतही खिम्याचे धागे ओळखू आले तर तुमचा हात बरोबर पडला.

आकार पावापेक्षा अर्धा इंच रुंद हवा. पाव चार इंची असेल तर पॅटी साडेचार इंच, जाडी अर्ध्या इंचाच्या किंचित वर. शिजताना ती आक्रसते आणि बरोबर पावाएवढी होते. मग मध्यभागी दोन बोटांनी उथळ खळगा करा. थालीपिठाला मध्ये भोक पाडतो तसं आरपार नाही, नुसता दाब. कड आधी शिजून आवळते आणि मधलं मांस वर ढकललं जातं. खळगा नसेल तर पॅटी चेंडूसारखी फुगते, आणि फुगलेली दिसली की ती दाबायचा मोह होतो.

आता मीठ. याचं कारण नीट समजून घ्या, कारण एरवी आपण पहिलं मीठच घालतो. मीठ मांसातली काही प्रथिनं विरघळवतं, आणि ती विरघळली की गोंदासारखं काम करतात. कबाबात आणि सॉसेजमध्ये तो गोंद हवाच असतो, त्यानंच खिमा एकजीव होतो. बर्गरमध्ये तोच नको आहे. म्हणून खिम्यात मीठ मिसळायचं नाही. पॅटी जाळीवर जायच्या अगदी आधी तिच्या दोन्ही अंगांवर जाडं मीठ आणि भरड मिरपूड भुरभुरायची. हात थोडा सढळ ठेवा, कारण आतल्या मांसालाही पृष्ठभागावरच्याच मिठाची चव लागणार असते.

आणि मसाला? मलाही तो लागतोच. पण तो मांसाबाहेर ठेवा. मेयोनेजमध्ये चमचाभर हिरव्या मिरचीचा ठेचा कालवा, पावाला लसणाची चटणी लावा, कांद्याच्या जाड चकत्या निखाऱ्यावर भाजून त्यावर लिंबू पिळा. मांसाला मांसाची चव राहते आणि घासाला आपला झणका येतो. कांदा-कोथिंबीर खिम्यात घातली की तिचं पाणी सुटतं, मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं आणि पॅटी मोडते ती वेगळीच.

विस्तव

पॅट्या थापून फ्रिजमध्ये गेल्या की मगच चिमणी हातात घ्या.

खाली वर्तमानपत्राचे दोन कागद सैल चुरगळून घाला. जाहिरातींचे चकचकीत कागद नकोत, ते नीट जळत नाहीत. कागदावर स्वयंपाकाचं तेल थोडं शिंपडलं तर जाळ जास्त वेळ टिकतो. वर चिमणीभर ब्रिकेट. मोठ्या चिमणीत सुमारे शंभर मावतात आणि सहा ते आठ बर्गरांना तेवढे पुरतात. बुडाची भोकं पूर्ण उघडून चिमणी ग्रिलच्या खालच्या, कोळशाच्या जाळीवर ठेवा. लाकडी डेकवर किंवा डांबरावर कधीच नाही. कागद पेटवा आणि हात मागे घ्या.

पहिली पाच मिनिटं नुसता दाट पांढरा धूर येतो, त्याला घाबरू नका. मग खालचे कोळसे लाल दिसतात, आणि पंधरा ते वीस मिनिटांत सर्वांत वरच्या ब्रिकेटांच्या कडांवर राखाडी साय धरते. निखारे फुलले म्हणतात ते हेच. घाईचा मोह याच वीस मिनिटांत होतो. पाहुणे आलेले असतात, मुलांना भूक लागलेली असते. अर्धवट पेटलेल्या कोळशावर काही टाकलंत तर त्याला कच्च्या धुराची कडवट चव येते. थांबा. तोवर कांदा कापा.

हातमोजे घालून निखारे ओता, पण सगळीकडे पसरू नका. अर्ध्या बाजूला सगळे निखारे, अर्धी बाजू रिकामी. या लेखातली एखादीच गोष्ट लक्षात राहणार असेल तर खिमा न मळण्याच्या जोडीला ही राहू द्या. एका बाजूला कडक आच, दुसरीकडे सावली. काही बिनसलं तर पॅटी उचलून न्यायला जागा हवी, आणि जाळीखाली सगळीकडे निखारे असले की ती जागा उरत नाही.

वरची जाळी बसवा, झाकण लावा, भोकं उघडी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं तापू द्या. तापलेली जाळी खरवडून स्वच्छ करा. तारेचा ब्रश वापरत असाल तर तारा सुटून जाळीला अडकलेल्या नाहीत ना हे निरखून बघा; अशी तार घासाबरोबर पोटात जाऊन शस्त्रक्रियेची वेळ आलेली माणसं आहेत. मी तर ब्रश सोडूनच दिला. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून घासते. मग अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून जाळीवरून फिरवायचा, घावनाच्या तव्याला लावतो अगदी तसाच. गरम लोखंडावर कांदा फिरला की सुटणारा वास न्यू जर्सीतही कोकणातल्या स्वयंपाकघराचाच असतो.

आच बघायला तळहात जाळीच्या वर चार-पाच इंचांवर धरा आणि सावकाश मोजा. दोन-तीन आकड्यांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक आहे, बर्गरला हवी तशी. पाच-सहापर्यंत सहज टिकला तर निखारे थोडे एकत्र सारा, किंवा दहा-बारा नवे कोळसे घालून थांबा.

भाजणं

पॅट्या फ्रिजमधून काढा, मीठ-मिरपूड लावा आणि निखाऱ्यांच्या बाजूला, खळगा वर येईल अशा ठेवा. दोघींमध्ये बोटभर अंतर. आणि मग हात बाजूला.

पहिलं एखादं मिनिट नुसती चरचर. पॅटी जाळीला घट्ट चिकटलेली असते. या वेळी उलथणं घातलंत तर खालची सगळी खरपूस बाजू जाळीलाच राहील. मग चरबी वितळून गळायला लागते. थेंब निखाऱ्यावर पडला की आधी 'फस्स' होतं, पाठोपाठ पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर येते आणि पॅटीच्या पोटाला लपेटून जाते. कोळशावरच्या बर्गरची म्हणून जी चव आपण ओळखतो ती खऱ्या कोळशाची कमी आणि या थेंबांच्या धुराची जास्त. म्हणूनच चरबी हवी होती. तीन-चार मिनिटांनी वरच्या बाजूवर ओलसर मणी दिसू लागतात आणि कड खालून निम्म्यापर्यंत तपकिरी होते. आता उलथणं घाला. पॅटी आपणहून सुटते. सुटत नसेल तर अजून अर्धं मिनिट द्या.

बर्गर एकदाच उलटायचा असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. मी दोन-तीनदा उलटते आणि त्यानं काही बिघडत नाही, उलट दोन्ही बाजू सारख्या शिजतात. बिघडतं ते दाबल्यानं. उलथण्यानं दाबलं की रस खाली जातो, निखारे भडकतात, आणि तुम्हाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तो रस पावात जायला हवा होता. (दाबून केलेले स्मॅश बर्गरही असतात, पण ते सपाट तापलेल्या लोखंडावर आणि पहिल्या काही सेकंदांतच दाबतात. तिथे रस गळून जायला खाली भोक नसतं. जाळीवर ते चालत नाही.)

ज्वाळा उठतीलच, विशेषतः लॅम्बखाली. पाणी मारू नका. राख उडून मांसावर बसते आणि तापलेली वाफ हाताला भाजते. पॅट्या चिमट्यानं नाही, उलथण्यानं उचलून रिकाम्या बाजूला न्या आणि झाकण लावा. हवा कमी पडली की ज्वाळा अर्ध्या मिनिटात बसतात. मग पुन्हा आचेवर आणा. ज्वाळांत पॅटी तशीच राहिली तर ती खरपूस होत नाही, तिच्यावर काजळी धरते.

दुसरी बाजू आणखी तीन-चार मिनिटं. आता थर्मामीटर. सुई वरून न टोचता कडेकडून आडवी, मधोमध जाईल अशी सारा. बीफ, लॅम्ब, बोकड यांच्या खिम्याला १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस. चिकन-टर्कीला १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याचे आहेत आणि मी त्यांच्याशी तडजोड करत नाही.

त्यामागचं कारण असं. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरच्या पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात, म्हणून स्टेक आतून लाल खाल्लं जातं. खिमा करताना पृष्ठभाग आत मिसळतो आणि त्याबरोबर जंतूही. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात एका रेस्टॉरंट साखळीतल्या कमी शिजलेल्या बर्गरांमुळे ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूची साथ पसरली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर, १९९४ साली, हा जंतू असलेला बीफचा खिमा विकणं बेकायदा ठरलं. रंगावरून अंदाज बांधू नका: काही खिमा कच्चा असतानाच आतून तपकिरी दिसतो, आणि काही पूर्ण शिजूनही गुलाबी राहतो. ८०/२० खिमा न मळता, न दाबता शिजवला तर १६० अंशांनाही रसाळच राहतो. कोरडा होतो तो १८०-१९० पर्यंत विसरलेला. थर्मामीटर दोन्हीकडून वाचवतो.

याच कारणानं कच्च्या पॅट्यांचं ताट लगेच आत पाठवा आणि तयार बर्गर स्वच्छ ताटात घ्या. गप्पांच्या नादात तेच ताट पुन्हा पुढे करणं ही सर्रास होणारी चूक आहे. बाहेर मांडलेलं खाणं दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर तासाभरातच आत न्या.

चीज, पाव आणि वरचं

चीज हवं असेल तर शेवटच्या मिनिटाला पॅट्या रिकाम्या बाजूला सारा, वर काप ठेवा आणि झाकण लावा. मिनिटभरात ते कडांवरून ओघळतं. अमेरिकन चीजचा पातळ काप इथे सर्वांत चांगला वितळतो, कारण त्यात घातलेल्या क्षारांमुळे त्यातलं तेल आणि पाणी फुटून वेगळं होत नाही. जुनं, कडक चेडर चवीला सरस, पण त्याला तेल सुटतं.

पाव मऊ हवा. कडक सालीचा पाव चावताना मांस बाहेर ढकलतो. बटाट्याच्या पिठाचे बन इथे सगळीकडे मिळतात, ते उत्तम. आतल्या बाजूला लोणी लावून निखाऱ्यांच्या कडेला अर्धं मिनिट शेका, पावभाजीच्या गाडीवर पाव शेकतात तसे, पण नजर हलवू नका. हा शेक नुसता चवीसाठी नाही: भाजलेल्या पृष्ठभागात रस लगेच मुरत नाही आणि पाव भिजून फाटत नाही.

पॅट्या ताटात दोन-तीन मिनिटं विसावू द्या, मग रचा. खालच्या पावावर ठेच्याचं मेयोनेज, त्यावर लेट्यूसचं पान, मग पॅटी, वर कांदा आणि काकडीचं लोणचं. टोमॅटो ऑगस्टमध्ये, अंगणातला पिकलेला असेल तर जाड काप. एरवी दुकानातला फिकट टोमॅटो पाणी सोडण्यापलीकडे काही करत नाही, तो मी घालत नाही. केचप ज्याचं त्यानं ठरवावं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन गावात लुईज लंच नावाचं छोटं दुकान आहे, तिथे अमेरिकेतला पहिला हॅम्बर्गर १९०० साली झाला असा त्यांचा दावा आहे. तिथे बर्गर अजून टोस्टच्या दोन कापांत मिळतो, आणि केचप मागितलं तर मिळत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

आपल्या घरी हे होणारच, तेव्हा आधी त्यांचं करा. स्वच्छ जाळीवर, मांस यायच्या आधी, वेगळ्या उलथण्यानं. कडधान्यांच्या टिक्क्या जाळीतून खाली पडतात, म्हणून बिडाचा तवा थेट जाळीवर ठेवून त्यात शेका. मला त्याहून आवडतात त्या पोर्टोबेलो मशरूमच्या अख्ख्या छत्र्या किंवा पनीरचे बोटभर जाड काप, तेल-मीठ-तिखट लावून थेट जाळीवर. पनीरला चांगल्या निखाऱ्यावर दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं पुरतात. त्यांना बर्गरची नक्कल करायला लावू नका, पनीर पनीर म्हणूनच चांगलं लागतं.

उरलेले निखारे

बर्गर झाले तरी अर्ध्या तासाची आच शिल्लक असते. ती वाया घालवायला मला जिवावर येतं. मक्याची कणसं सोलून थेट जाळीवर फिरवा आणि वरून लिंबाच्या फोडीनं तिखट-मीठ चोळा. मग जेवणं चालू असतानाच, निखारे मंदावले की दोन मोठी वांगी टोचे मारून, तेलाचा हात लावून त्यांच्यावर ठेवते आणि झाकण लावते. मधून एकदा उलटायची. साल काळी पडून सुरकुतली, देठापाशी दाबल्यावर बोट आत गेलं, की काढून भांड्याखाली झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यांचं जे भरीत होतं, त्याची सर गॅसवरच्या वांग्याला येत नाही.

शेवटी वरची-खालची सगळी भोकं मिटून टाका. हवा तुटली की कोळसे विझतात, आणि अर्धवट जळलेले पुढच्या खेपेला चिमणीच्या तळाशी वापरता येतात. राख मात्र त्याच रात्री कचऱ्यात टाकायची नाही. वरून गार लागली तरी आत ठिणगी जिवंत असते. दोन दिवस ग्रिलमध्येच राहू द्या, मग पत्र्याच्या डब्यात भरा, त्यावर पाणी ओता, आणि ढवळून बघितल्यावर कुठेही ऊब लागली नाही तरच फेका.